मांजरीचे दात

गेल्या दिवाळीत आमच्या अंगणात फटाका वाजला नाही. हवेची चाड म्हणून नव्हे, आणि महागाई म्हणूनही नव्हे. भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी ठमीच्या ऑपरेशनची वेळ ठरली होती, आणि आवाजाला भिऊन ती एकदा का कौलांवरून पसार झाली असती, तर ठरल्या दिवशी हाती लागण्याची काही शाश्वती नव्हती. धाकटीने फुलबाज्यांवर समाधान मानले. शेजारच्या पोरांनी लवंगी माळा लावायच्या त्या लावल्याच. तेव्हा ठमी पलंगाखालच्या ट्रंकेमागे जाऊन बसली, आणि मी दार लावून घेऊन तिच्यावर पहारा केला. ज्या प्राण्याला आपण परवा कापायला नेणार आहोत, त्याला आज फटाक्यांची भीती वाटू नये म्हणून जपायचे, हा प्रकार मला त्याही वेळी जरा चमत्कारिक वाटला होता.

ठमी म्हणजे आमची मांजरी. पांढऱ्या अंगावर काळी आणि तांबूस ठिगळे. अशा तीन रंगांचे मांजर बहुतकरून मादीच असते. काळा आणि तांबूस हे दोन्ही रंग एकाच अंगावर उतरायचे तर दोन एक्स गुणसूत्रे लागतात, आणि ती मादीपाशी असतात. ही माहिती मला पुढे डॉक्टरीणबाईंनी दिली. शाळेत पोषण आहाराची खोली आहे, तिच्या मागल्या बाजूला ऐन श्रावणात ती मला सापडली तेव्हा ती मुठीएवढी होती, आणि तिचे लिंग, वर्ण, भवितव्य यांचा विचार करण्याची ती वेळ नव्हती. रुमालात गुंडाळून घरी आणली. पुढच्या चैत्रात तिला तीन पिल्ले झाली, आणि लगेच आषाढात आणखी चार.

मांजरीला दिवस जातात ते सुमारे नऊ आठवड्यांचे. पहिली पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते, हे मला ठाऊक नव्हते. पहिली तीन पिल्ले मी शाळेतल्या मंडळींच्या गळ्यात बांधली. दुसऱ्या वेळी मात्र मधल्या सुट्टीत मी शिक्षकांच्या खोलीत शिरले की एकेकाला वह्या तपासायची आठवण होऊ लागली. त्या चारांतली दोन पावसात गारठून गेली, एक दूधवाल्याने नेले, आणि एक बोका आमच्याकडेच राहिला. त्याचे नाव खंडू. आश्विन लागला, आणि ठमी पुन्हा रात्री-अपरात्री ओरडू लागली, जमिनीवर लोळू लागली. आमच्या पन्हळीवर दोन परके बोके येऊन बसले. ह्यांनी चष्मा कपाळावर चढवून एवढेच म्हटले, "आता काय ते ठरवा."

ठरवले मी. ही गोष्ट मला स्पष्ट लिहून ठेवली पाहिजे.

आमच्या लहानपणी हा प्रश्न नव्हता, असे कुणी म्हणेल तर ते खरे नाही. प्रश्न होता; उत्तर वेगळे होते. कृष्णाकाठच्या आमच्या गावी मांजर व्याले की पिल्लांचे डोळे उघडायच्या आत गडी ती एका गोणपाटात घाली आणि नदीपलीकडे सोडून येई. 'सोडून येई' हाच शब्द. नदीपलीकडे त्यांचे कोण होते, हे आम्ही पोरांनी कधी विचारले नाही, आणि गड्याचे हात परतताना ओले का असत, हेही विचारले नाही. मांजरी मग दोन दिवस घरभर हिंडे; फडताळात, धान्याच्या कणगीमागे, देवघरात डोकावे आणि हाका मारी. त्याच घरात माझी आजी आम्हाला सांगे की, मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते. आजी खोटारडी नव्हती. तिची त्या गोष्टीवर खरीखुरी श्रद्धा होती. फक्त गोणपाटाला काशी लागत नव्हती.

तेव्हा आजच्या माणसाने मांजरीचे ऑपरेशन करून आणले, आणि तेवढ्यासाठी कालच्या माणसाने त्याला निर्दय म्हटले, तर ते मला मान्य व्हायचे नाही. पण कालचा माणूस चुकला होता, एवढ्यावरून आजचा बरोबर ठरतो काय? वर्गात एखाद्या मुलाचे गणित चुकले म्हणून शेजारच्याचे आपोआप बरोबर ठरत नाही, हे तर मी रोज पाहते.

आणि खरे सांगायचे तर आपल्याला या गोष्टीचे नावीन्य कशाला वाटावे? आषाढात आमच्याकडे बेंदूर असतो. बैलांना न्हाऊ घालतात, शिंगांना हिंगूळ लावतात, पुरणपोळीचा घास भरवतात, पाया पडतात. तो बैल म्हणजे खच्ची केलेला खोंड आहे, हे त्या दिवशी कुणी बोलत नाही. तेही पूर्वी भूल देऊन करीत नसत. गावातला एखादा जाणता माणूस दोर, दांडके आणि चार दांडग्या हातांच्या बळावर ते काम उरकी. ज्या खांद्यांवर आमची शेती शतकानुशतके उभी राहिली, त्यांना आधी आम्ही असे शांत करून घेतले होते. बैलाला 'खच्ची करणे' म्हणतात. मांजरीच्या बाबतीत आम्ही 'ऑपरेशन' म्हणतो. शब्द बदलला की निदान बोलणाऱ्याला तरी दुखत नाही.

कायद्यातही ही गंमत आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये म्हणून आपल्याकडे १९६० साली कायदा झाला. नृत्यकलेसाठी नावाजलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ साली राज्यसभेवर नियुक्त झाल्या, त्यांनी त्या सभागृहात हा विषय लावून धरला, त्यातून हा कायदा आला. पुढे १९६२ साली प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले तेव्हा त्याच्या अध्यक्षाही त्याच होत्या. त्या कायद्याच्या अकराव्या कलमात क्रूरपणा कशाला म्हणावे याची लांबलचक यादी आहे, आणि प्राण्याचे अंगच्छेदन हा त्यातला एक गुन्हा आहे. पण त्याच कलमात थोडे पुढे गेले की ठरवून दिलेल्या रीतीने केलेले खच्चीकरण, वेसण घालणे, शिंगे काढणे या गोष्टी त्या यादीतून वगळल्या आहेत. कायदा करणाऱ्या मंडळींना मी दोष देत नाही. शेतकऱ्यांच्या देशात त्यांनी दुसरे काय करावे? पण माझ्यासारखीला त्या कलमाचा आधार पुरत नाही. कायद्याने माफ केलेली गोष्ट आपल्याला रात्री झोप देईलच, असे नाही.

असो. ठरल्या दिवशी सकाळी ह्यांनी ठमीला मानेच्या कातडीला धरून उचलले आणि टोपलीत ठेवले. आदल्या रात्रीपासून तिला खायला दिले नव्हते. भूल द्यायची तर पोट रिकामे लागते. ती जेवणाच्या ताटलीपाशी जाऊन दोनदा माझ्याकडे पाहून आली होती. मान धरताक्षणी तिने पाय पोटाशी घेतले, शेपूट आत वळवली आणि लहान पिल्लासारखी ती लोंबकळत राहिली. ना नखे बाहेर काढली, ना आवाज केला. धाकटी दारात उभी होती. ती म्हणाली, "आई, तिला विचारलं होतंस?"

अकरा वर्षांच्या मुलीला काय उत्तर द्यायचे! "मांजराला कसं विचारणार?" असे मी म्हटले आणि टोपलीचे झाकण लावले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या होत्या. मोठ्या मांजराला मानेला धरून उचलू नये, सारा भार कातडीवर येतो, खाली हाताचा आधार द्यावा, असे त्यांनी आधी ह्यांना सुनावले. मग मला समजावून सांगितले. बीजकोश आणि गर्भाशय दोन्ही काढतात. कुशीवर इंचभराची चीर पुरते. न केल्यास मांजरींना उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा रोग होतो, तो जिवावर बेततो. स्तनांत गाठी येतात, आणि मांजरीच्या अशा बहुतेक गाठी कर्करोगाच्या निघतात. लहानपणीच ऑपरेशन झाले तर तो धोका फार कमी होतो. मी मान डोलावत होते. मला किती बरे वाटत होते म्हणून सांगू! पण लिहायला बसल्यावर खोटे लिहू नये. ही सगळी कारणे मला निर्णय घेतल्यानंतर कळली. निर्णय घेताना माझ्या मनात पन्हळीवरचे बोके होते, मोडलेली झोप होती, आणि शिक्षकांच्या खोलीतली ती वह्या तपासण्याची घाई होती. चांगली कारणे बहुधा अशीच मागाहून येतात, वरातीमागून घोडे यावे तशी, आणि आपण त्यांना पुढे घालून मिरवतो.

अर्ध्या-पाऊण तासात त्यांनी ठमी माझ्या हातात आणून दिली. तीन किलोचे ते जनावर एकदम ओल्या धोतरासारखे जड झाले होते. तिचे डोळे सताड उघडे होते. या भुलीत मांजराचे डोळे मिटत नाहीत. ते कोरडे पडू नयेत म्हणून त्यांत मलम घातले होते. आतल्या कोपऱ्यातून एक पांढुरका पडदा अर्ध्यावर आला होता. त्या डोळ्यांसमोर मी माझा चेहरा नेला. ते माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांना मी दिसत नव्हते.

घरी आल्यावर तिला माडीवरच्या खोलीत जमिनीवरच निजवले. पलंगावर ठेवली तर शुद्धीवर येताना कोलमडून पडेल, असा इशारा होता. खाली जुनी चादर, अंगावर माझी शाल, खिडकीला पडदा. भुलीत अंगातली ऊब जाते, म्हणून कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पाठीशी दिली. तासाभराने कान हलला. मग पुढचे पाय चालू लागले. मागच्यांना त्याची वार्ताच नव्हती. दारू प्यालेल्या माणसासारखी ती दोन पावले टाकी, भेलकांडे, आणि आपल्याला हे काय झाले म्हणून भिंतीकडे पाही. संध्याकाळी चमचाभर पाणी प्यायली. रात्री दोन घास मऊ मासा खाल्ला. एवढ्यात खंडू वर आला. चार महिन्यांचा तिचा लेक, आदल्या रात्रीपर्यंत तिच्या पोटात डोके खुपसून झोपणारा. त्याने तिला हुंगले, पाठीची कमान केली, आणि तिच्या तोंडावर फिस्कारला! दवाखान्याचा वास अंगाला लागला होता. त्याची आई त्याला ओळखू आली नाही. ठमीने त्याला प्रत्युत्तर केले नाही. मान खाली घालून ती नुसती बसली. कादंबरी लिहिताना मी असले प्रसंग फार भडक होतात म्हणून गाळते.

उपचार सांगायला माणसे कमी पडत नाहीत. शेजारच्या काकूंनी वाटीत हळद आणली. जखमेवर काहीही लावायचे नाही, ती कोरडी ठेवायची, असे सांगून मी ती परत केली, आणि त्यांना राग आला. समोरच्यांनी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी कुस्करून दुधातून द्यायला सांगितली. हे मात्र मी येथे मुद्दाम नोंदवते: ती गोळी मांजराला विष आहे. आपल्या यकृतात तिचा निचरा होतो तसा मांजराच्या यकृतात होत नाही; अर्ध्या गोळीने मांजर मरू शकते. माणसाच्या मायेने मांजर मरते ते असे. वेदनेसाठी डॉक्टरीणबाईंनी थेंब मोजून एक औषध दिले होते, तेवढेच दिले.

टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकची कॉलर होती, ग्रामोफोनच्या कर्ण्यासारखी. ती घातली की ठमी उलटी चालू लागे. तिला वाटे, मागे सरकत गेले तर डोके त्यातून सुटेल. सरकत सरकत ती कोपऱ्यात जाई आणि तिथे अडकून बसे. दाराच्या चौकटीला कर्णा आपटला की दचके. धाकटी पहिल्यांदा हसली आणि मग रडू लागली.

आता अण्णांविषयी सांगितले पाहिजे. अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून ते आमच्याकडे असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी सारी उमर शिकवले. मांजरांची त्यांना विशेष आवड नाही, पण ठमीला त्यांची आहे. दुपारी ते पेपर वाचत असले की ती पेपरावरच जाऊन बसते. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याची पावती मी टेबलावर टाकली होती. अण्णांनी चष्मा लावून ती वाचली. तिच्यावर कंपाउंडरच्या अक्षरात लिहिले होते: मांजर, मादी, नसबंदी. अण्णांनी पावती पालथी घातली आणि ते आपल्या खोलीत गेले. तीन दिवस ते माडीवर फिरकले नाहीत. मला वाटले, घरातल्या कटकटीचा त्यांना वैताग आला असावा.

चौथ्या दिवशी ते आपली एक जुनी बनियन घेऊन वर आले. म्हणाले, "याची बाही काप. त्या कर्ण्यापेक्षा हे बरं." बाहीच्या नळीला चार पायांसाठी चार भोके पाडून मी तिचे झबले शिवले. ते अंगात चढवल्याबरोबर ठमी कुशीवर पडली ती उठेना. अंगावर कापड आले की मांजराला बहुधा आपण बांधले गेलो असे वाटते. अण्णा तिच्याशेजारी सतरंजीवर बसले. बराच वेळ गेला. मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. माझ्या जन्माआधीची, आणि मी ती कधीच ऐकलेली नव्हती.

१९७६ साल. अण्णा चोविशीत, नोकरी नवी. आणीबाणी होती. त्या वर्षी देशात ८० लाखांहून अधिक माणसांच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत पुरुषच फार. तीन मुलांनंतर सक्ती करणारे विधेयक आपल्या विधिमंडळाने त्याच वर्षी मंजूर केले होते. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते राहिले. शाळामास्तरांना आकडे वाटून दिलेले होते. अमुक इतक्या 'केसी' आणा, नाहीतर पगार थांबेल, असे तोंडी बजावलेले. गावाबाहेरच्या वीटभट्टीवर एक जोडपे होते, दोन मुली पदरी. त्यांतली थोरली अण्णांच्या वर्गात. अण्णा संध्याकाळी भट्टीवर गेले आणि त्या माणसाशी तासभर बोलले. लहान कुटुंबाचे फायदे सांगितले, मुलींच्या शिक्षणाचे सांगितले. एकही गोष्ट खोटी सांगितली नाही.

"मी स्वतःला र. धों. कर्वे समजत होतो," अण्णा म्हणाले. रघुनाथराव कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी प्राध्यापकी सोडली, 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत एकट्याच्या बळावर चालवले, कोर्टाच्या पायऱ्या चढले. अण्णांची त्यांच्यावर भक्ती. "पण कर्वे माहिती देत आणि थांबत. लोकांनी ऐकावं की नाही हे लोकांवर सोडत. मी थांबलो नाही. माझा पगार अडकला होता."

त्या माणसाने सगळे ऐकून घेतले आणि म्हटले, "गुरुजी, तुम्ही म्हणताय म्हंजे बरंच असंल." दुसऱ्या दिवशी अण्णा त्याला सायकलवर डबलसीट घेऊन कॅम्पला गेले. पुढे काही बिघडले नाही. त्याला काही अपाय झाला नाही, मुली धड राहिल्या, थोरली चांगली शिकली. तो माणूस पुढे कितीतरी वर्षे दर दसऱ्याला आपट्याची पाने घेऊन येत असे, सोने देऊन पाया पडत असे.

"मला ती पानं घ्यायला हात पुढं करवत नसे," अण्णा म्हणाले. "तो रागावला असता तर बरं झालं असतं."

मी म्हटले, "पण अण्णा, तुम्ही त्याच्या बऱ्याचंच सांगितलं होतंत ना?"

"हो. पण मी त्याला विचारलं नाही. सांगितलं. त्याला विचारता येत होतं." मग ठमीकडे बोट करून ते म्हणाले, "हिला विचारता येत नाही. तुझं त्या मानानं सोपं आहे."

अण्णा मला सोडवू पाहत होते, हे मला कळले. पण मी तेवढ्याने सुटले नाही. मला उलट वाटू लागले. ज्याला विचारता येते, त्याला न विचारणे हा अपराध आहे. तो कबूल करता येतो, त्याची लाज बाळगता येते, अण्णांनी पन्नास वर्षे बाळगली. ज्याला विचारताच येत नाही, त्याच्या वतीने आपण होकार देतो, तेव्हा तो होकार कुणाचा? धाकटीने विचारले तेव्हा मी तिला जे उत्तर दिले, ते नेमके त्या प्रश्नातून पळ काढण्याचे होते.

वैष्णवांच्या वेदांतात एक जुना वाद आहे. रामानुजाचार्यांच्या परंपरेत पुढे दोन पंथ झाले. एकाने म्हटले, जीवाने देवाला धरले पाहिजे, माकडिणीचे पोर आईच्या पोटाला घट्ट धरते तसे. दुसऱ्याने म्हटले, छे, जीवाच्या हाती काही नाही. मांजरी आपल्या पिल्लाला मानेशी धरून नेते आणि पिल्लू अंग सैल सोडते, तसे जीवाने असावे. हा मार्जारकिशोरन्याय. मला हा दृष्टांत फार गोड वाटत असे. आता त्यातली एक गोष्ट खुपू लागली आहे. त्यात सगळे पिल्लाविषयी आहे. मांजरीला काय वाटत असेल, हे त्या आचार्यांनी विचारात घेतलेले दिसत नाही. घेण्याचे कारणही नव्हते, कारण त्यांच्या दृष्टांतात मांजरीच्या जागी प्रत्यक्ष देव होता, आणि देवाची चूक होत नाही. पण ठमीला मानेला धरून टोपलीत ठेवले, तेव्हा तिने पिल्लासारखे पाय आखडले, आणि मांजरीच्या जागी होतो आम्ही! मान धरल्यावर अंग सैल पडणे ही पिल्लाची भक्ती नसते. ती त्याच्या शरीराची खोड आहे. ते त्याच्या अंगात असते म्हणून आईला त्याला नेता येते, आणि नेणारा आई नसला तरी ते तसेच सैल पडते.

मांजरीचे दात तिच्या पिलाला लागत नाहीत, अशी आपल्याकडे म्हण आहे. मांजरीला दात नसतात असे ती म्हण म्हणत नाही. उंदराची मान एका चाव्यात मोडणारे तेच दात. किती दाबायचे हे तिला कळते, इतकेच. आम्हाला ते कळते काय? हळद आणणाऱ्या काकूंना कळत होते काय, किंवा ती गोळी सुचवणाऱ्यांना? वीटभट्टीवर अण्णांनी किती दाबले, हे त्यांना त्या वेळी कळले नाही. पहिल्या दसऱ्याला कळले.

ठमीचे काय गेले, हाही प्रश्न मी पुष्कळ घोळवला. तिला आईपणाची हौस होती आणि ती आम्ही हिरावली, असे म्हणणे मला नाटकी वाटते. रात्रीची ती तिची ओरड सुखाची होती, असे म्हणायला माझ्याजवळ पुरावा नाही. तिचे काहीच गेले नाही, असेही म्हणवत नाही. आषाढातल्या त्या दोन गारठलेल्या पिल्लांना ती चाटत बसली होती, ते मी पाहिले आहे. ती दोन पिल्ले पुन्हा तिला होणार नाहीत, आणि पुन्हा गारठणारही नाहीत. या दोन्ही वाक्यांची बेरीज कशी करायची, हे मला येत नाही. गणिताचे तास आमच्या शाळेत दुसरे गुरुजी घेतात.

बाकीचे दिवस हळूहळू गेले. दहा दिवस उडी मारू द्यायची नव्हती, आणि मांजराला उडी मारू न देणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच कळेल. खुर्च्या आडव्या घातल्या, फडताळे दोरीने बांधली. रोज दोनदा झबले वर करून चीर पाहायची: लाली नाही ना, ओल नाही ना, सूज नाही ना. सहाव्या दिवशी थोडी सूज दिसली. रात्री दहाला डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्यांनी फोटो मागवून पाहिला आणि इतकी सूज येते म्हणाल्या. सातव्या दिवशी खंडूला आपली आई पुन्हा सापडली. तो येऊन तिचा कान चाटू लागला, जणू मधले काही झालेच नव्हते. रात्री अण्णा खोलीत झोपू लागले. तिला लघवीला नेण्यासाठी उठायला लागते म्हणून, असे ते म्हणत. वाळूचे घमेले खोलीतच होते, हे मी बोलले नाही.

अकराव्या दिवशी टाके काढले. बाराव्या दिवशी पहाटे धाड्कन आवाज झाला. मी धावले. फडताळाची दोरी सुटली होती आणि ठमी वरच्या फळीवर, लाडवांच्या डब्यापलीकडे, अंग चाटत बसली होती. खाली अण्णा मान वर करून उभे होते.

आता कुशीवरचा तो भादरलेला चौकोन भरून आला आहे. कुठे होता, ते बोटांनी चाचपले तर कळते. ती जराशी जाड झाली आहे. ऑपरेशननंतर भूक वाढते आणि अंगाची गरज कमी होते, म्हणून खाणे मोजून द्यावे लागते; ते मोजणे अण्णांकडे आहे आणि ते त्यात गफलत करतात. बोके पन्हळीवर आले तर ती त्यांच्याकडे बघते, आणि पुन्हा पेपरावर जाऊन बसते. आम्हाला ती क्षमा करते की तिच्या लेखी क्षमा करण्याजोगे काही घडलेलेच नाही, हे मी अजून शोधते आहे.

खंडू मात्र आता सव्वा वर्षाचा, चांगला दांडगा झाला आहे. भिंतीवर खुणा करून ठेवतो, रात्री मारामाऱ्या करून येतो. मागच्या आठवड्यात कान फाडून आला. गल्लीत कुणाच्या तरी मांजरीला तांबूस पिल्ले झाली आहेत, आणि लोक आमच्या दाराकडे बघून बोलतात. डॉक्टरीणबाईंनी भाऊबीजेनंतरचा सोमवार दिला आहे. धाकटीने या वेळी काही विचारले नाही. तिने टोपलीत स्वतःचा जुना स्वेटर घालून ठेवला आहे, आणि खंडूने आतापासून तिथे झोपायची सवय करावी म्हणून ती टोपली उघडी ठेवते. त्याला खालून हात देऊन उचलायचे काम अण्णांनी आपल्याकडे घेतले आहे.